सेजब्रशच्या माळावरून १,९०० मैल : पंचविसाव्या पायदळाची सायकल तुकडी

१८९७ च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने सायकलची परीक्षा घ्यायचे ठरवले. मोंटाना राज्यातील फोर्ट मिसूला या छावणीपासून मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुइस शहरापर्यंत जायचे होते. अंतर १,९०० मैल, म्हणजे सुमारे ३,०५० किलोमीटर. सायकलींवर २० सैनिक होते आणि ते सगळे कृष्णवर्णीय होते. सायकली परीक्षेत उतरल्या. या प्रवासाच्या बहुतेक हकीकती सेंट लुइसमधल्या स्वागतापाशी संपतात. या धाग्यात त्यापुढचेही येईल, पण आधी तो रस्ता, आणि विशेषतः त्यातला सेजब्रशचा उंच, ओसाड माळ नीट पाहायला हवा.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये कायद्याने कृष्णवर्णीय सैनिकांच्या कायमस्वरूपी रेजिमेंट उभ्या राहिल्या. १८६९ च्या पुनर्रचनेनंतर त्यांपैकी चार उरल्या : घोडदळाच्या नवव्या व दहाव्या, आणि पायदळाच्या चोविसाव्या व पंचविसाव्या. ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणून इतिहासात ओळखले जाणारे सैनिक ते हेच. शिपाई आणि सार्जंट कृष्णवर्णीय, अधिकारी जवळजवळ सगळे गोरे, आणि नेमणुका मोठ्या शहरांपासून दूर, सरहद्दीवर. पंचविसावी रेजिमेंट १८८८ पासून मोंटानात होती.

तेथे लेफ्टनंट जेम्स मॉस हा तरुण अधिकारी दाखल झाला. लुइझियानातला गोरा माणूस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८९४ साली बाहेर पडला तो वर्गात शेवटचा येऊन. शेवटच्या क्रमांकाच्या पदवीधराला रेजिमेंट निवडण्याची फारशी मोकळीक नसे, आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या रेजिमेंटकडे अनेक गोरे अधिकारी पाठच फिरवत. मॉस यांना सायकलचे वेड होते.

ते वेड त्या काळाचेच होते. उंच पुढच्या चाकाची जुनी सायकल मागे पडून दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आली होती. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचे टायर आणले आणि सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया यांच्या सैन्यांनी सायकलस्वारांच्या तुकड्या उभारल्या होत्या. अमेरिकी लष्कराचे सरसेनापती जनरल नेल्सन माइल्स यांनाही या यंत्रात भविष्य दिसत होते. युक्तिवाद सरळ होता. घोड्याला वैरण लागते, पाणी लागते, विश्रांती लागते. तो खिंकाळतो, आजारी पडतो आणि गोळी लागली की मरतो. सायकलला यांतले काही नाही.

मात्र युरोपातल्या सायकलींना युरोपातले पक्के रस्ते मिळत होते. अमेरिकेच्या पश्चिमेत रस्ते म्हणजे बहुतेक ठिकाणी बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. तिथे सायकल टिकेल का, हा खरा प्रश्न होता. मॉस यांच्या प्रस्तावाला मे १८९६ मध्ये माइल्स यांची मंजुरी मिळाली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात, कृष्णवर्णीयांना रेल्वेच्या वेगळ्या डब्यात बसवणे घटनेला धरूनच आहे, असा निकाल दिला. पुढची ५८ वर्षे त्या निकालाने शाळांपासून स्मशानांपर्यंतच्या विभाजनाला आधार पुरवला. एकाच महिन्याचे हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत, असे आहेत.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये आठ सैनिकांची छोटी तुकडी दोन फेऱ्या करून आली. पहिली जवळच्या एका सरोवरापर्यंतची होती. दुसरी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंत, जाऊन-येऊन सुमारे ८०० मैलांची. यलोस्टोनमध्ये मॅमथ हॉट स्प्रिंग्स येथे चुनखडीच्या पांढऱ्या पायऱ्यांवर सायकली घेऊन उभ्या असलेल्या सैनिकांचे छायाचित्र फ्रँक जे हेन्स यांनी काढले. आज या तुकडीबद्दल काहीही वाचायला घेतले की बहुधा तेच चित्र समोर येते. ते सुंदर आहे, पण थोडी दिशाभूलही करते. त्यातले गणवेश स्वच्छ आहेत, सायकली चकचकीत आहेत, आणि कुणीच सायकल खांद्यावर घेतलेली नाही.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. सेंट लुइसची निवड विचारपूर्वक होती. त्या मार्गावर बर्फाचे डोंगर, दगडधोंडे, चिकणमाती, कोरडा माळ, वाळूच्या टेकड्या आणि शेवटी नदीकाठचा दमट सखल प्रदेश हे सगळे एकापाठोपाठ येत होते. चाळीस सैनिकांनी नावे दिली; त्यांतून २० निवडले गेले, त्यांत आदल्या वर्षीचे पाच होते. मॉस यांच्याबरोबर लष्करी डॉक्टर लेफ्टनंट जेम्स केनेडी आणि स्थानिक वृत्तपत्राचा १९ वर्षांचा बातमीदार एडवर्ड बूस असे आणखी दोन गोरे होते. एकूण २३ माणसे. सैनिकांमध्ये अधिकार चाले तो सार्जंट मिंगो सँडर्स यांचा. साउथ कॅरोलिनात जन्मलेले, १८८१ पासून लष्करात असलेले, वयाची चाळिशी गाठत आलेले गृहस्थ. लष्करात आज्ञा लेफ्टनंट देतो, पण पहाटे माणसे उठवणे, शिधा मोजणे, मागे कोण राहिले ते पाहणे, कुरबुर वाढण्याआधी मिटवणे, हे सारे सार्जंटच्या अंगावर असते.

सायकली स्पाल्डिंग कंपनीने विनामूल्य दिल्या. कंपनीला जाहिरात हवी होती. त्या काळच्या पुष्कळ सायकलींची रिम लाकडी असे. या खास मॉडेलला पोलादी रिम होत्या. फोर्क मजबूत केलेले, साखळीवर बंदिस्त झाकण, सामानाला कॅरिअर, चौकटीच्या त्रिकोणात बसणारी पेटी. रिकाम्या सायकलचे वजन सुमारे ३२ पौंड, सामानासह ५९ पौंड. म्हणजे जवळजवळ २७ किलो. घोंगडी आणि अर्धा तंबू गुंडाळून हँडलला बांधलेला असे. दोघांचे दोन अर्धे जोडले की रात्री एक तंबू उभा राही. शिवाय पाठीवर दहा पौंडांची क्रॅग-योर्गेन्सन बंदूक आणि कमरेला ५० काडतुसांचा पट्टा. गिअर एकच. आज सायकलवर सामान लादून लांबच्या सफरीला निघणाऱ्यांनी हा हिशेब एकदा आपल्या सायकलवर करून पाहावा.

शिधा दोन दिवसांचा बरोबर असे. बेकन, पाव, डबाबंद मांस, शिजवलेल्या घेवड्याचे डबे, कॉफी, साखर. पुढचा साठा सुमारे शंभर-शंभर मैलांवरच्या रेल्वे स्थानकांवर आधीच पाठवलेला होता. योजनेत एक गृहीत दडलेले होते : दिवसाला पन्नास मैल कापले जातीलच. ज्या दिवशी ते कापले जात नसत, त्या दिवशी पोट रिकामे राही.

१४ जूनला पहाटे तुकडी निघाली आणि लगेच पाऊस लागला. मोंटानाच्या त्या भागात ओल्या मातीला ‘गम्बो’ म्हणतात. हा चिखल कसा असतो ते महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगावे लागू नये. आपली काळी कापसाची जमीन आणि तिकडची ही माती या दोन्हींतल्या चिकणमातीची खनिजे एकाच गटातली आहेत. पाणी शोषून ती फुगतात आणि मग हाताला, पायाला, चाकाला धरून ठेवतात. आपल्याकडे ती बसाल्टच्या खडकातून आली, तिकडे बरीचशी प्राचीन ज्वालामुखींच्या राखेतून. मराठवाड्यात मृगाच्या पहिल्या पावसानंतर शेतातून सायकल ढकलून पाहिलेल्या माणसाला पुढचे सगळे ठाऊक आहे. दहा पावलांत चाक आणि फोर्क यांच्यामधली फट भरते, चाक फिरायचेच थांबते, काडीने चिखल खरवडावा तर पुन्हा दहा पावलांत तेच. मग सायकल उचलायची. सत्तावीस किलो.

जूनच्या मध्यात रॉकी पर्वताचा मुख्य कणा मुलन खिंडीतून ओलांडताना त्यांना हिमवृष्टी लागली. या खिंडीच्या एका अंगाला पडलेले पाणी पॅसिफिकला जाते, दुसऱ्या अंगाचे शेवटी मेक्सिकोच्या आखाताला. तिथून पुढे बोझमन, लिव्हिंग्स्टन, बिलिंग्ज. मग यलोस्टोन नदीचे खोरे सोडून दक्षिणेला लिटल बिगहॉर्नकडे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुकडी तिथून गेली. एकवीस वर्षांपूर्वी, १८७६ च्या जूनमधल्या याच दिवसांत, तेथे लकोटा आणि शायान योद्ध्यांनी कस्टर यांच्या तुकडीचा निःपात केला होता. आता तो भाग क्रो लोकांसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात होता, आणि त्या लोकांवर नजर ठेवणे हे ज्या लष्कराचे काम, त्याचेच हे सैनिक. ज्यांचे आईवडील गुलाम म्हणून विकले-घेतले गेले त्यांनी, ज्यांची जमीन गेली त्यांच्यावर पहारा द्यायचा, अशी ती रचना होती. रेजिमेंटच्या इतिहासाची ही बाजू गौरवगाथांत सहसा सापडत नाही.

यापुढे वायोमिंगचा ईशान्य कोपरा. शेरिडन, जिलेट, मूरक्रॉफ्ट, न्यूकॅसल. नकाशावर ही नावे शेजारी-शेजारी दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये काहीच नाही. म्हणजे, माणसाच्या दृष्टीने काही नाही. बाकी मैलोगणती सेजब्रश आहे.

सेजब्रश म्हणजे गुडघ्याएवढे, कुठे कंबरेएवढे, करड्या-चंदेरी पानांचे झुडूप. पानाच्या टोकाला तीन दाते असतात. ‘आर्टेमिसिया’ ही त्याची प्रजाती, आणि आपला दवणा त्याच प्रजातीतला. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा बोटांत चुरडल्यावर जो वास येतो, त्याचा अधिक कडू, कापरासारखा भाऊबंद त्या माळावर पाऊस पडून गेल्यावर सुटतो. पश्चिमेकडे गाड्या घेऊन गेलेल्या स्थलांतरितांनी या झुडपाला पुष्कळ शिव्या घातल्या. सावली देत नाही, फळ देत नाही, बैल त्याला तोंड लावत नाहीत. पण लाकूड नसलेल्या मुलखात रात्री चूल पेटे ती याच्याच काटक्यांवर.

जिलेट समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर, म्हणजे साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर आहे. महाबळेश्वरचे बाकी काहीही तिथे नाही. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगरांच्या रांगांवरच रिकामे होतात, आणि या बाजूला वर्षाकाठी जेमतेम ४० सेंटीमीटरच्या आसपास पाऊस व बर्फ मिळून पडते. हवा विरळ आणि कोरडी. दुपारी ऊन भाजते, रात्री घोंगडी पुरत नाही. माळ दुरून सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. लाटेमागून लाट यावी तसा एक चढ, एक उतार, पुन्हा चढ. प्रत्येक चढावरून पुढचे दिसते ते आधीच्यासारखेच. सायकलवरून जाणाऱ्या माणसाला डोंगराचा घाट परवडतो, कारण घाटाला माथा असतो.

मग ते वाट कशी शोधत होते? बर्लिंग्टन कंपनीचा लोहमार्ग १८९१ मध्ये जिलेटला आणि त्याच्या पुढच्या वर्षी शेरिडनला पोहोचला होता. म्हणजे हा लोहमार्ग सैनिकांच्या वेळी पाच-सहा वर्षांचाच होता. रुळांच्या बाजूने तारायंत्राचे खांब, ठरावीक अंतरावर इंजिनांसाठी पाण्याच्या टाक्या, आणि स्थानकात ठेवलेला शिधा. त्या प्रदेशात रुळांपासून दूर जाणे म्हणजे पाणी, अन्न आणि दिशा तिन्ही सोडणे. बाजूची चाकोरी चिखलाने किंवा खोल धुळीने बंद झाली की तुकडी थेट रुळांवर चढे.

रुळांमधून सायकल चालवणे ऐकायला गमतीचे वाटते. स्लीपरवरून जाताना प्रत्येक स्लीपर वेगळा धक्का देतो. मैलाला दोन-तीन हजार धक्के. तो मनगटातून खांद्यात, खांद्यातून पाठीवरच्या बंदुकीत, आणि बंदुकीचा पुन्हा मणक्यात. नट ढिले होतात, सामानाच्या गाठी सुटतात. म्हणून बहुतेक जण अशा ठिकाणी उतरून चालत. पण चालण्यातही सुख नव्हते. स्लीपरमधले अंतर माणसाच्या पावलाला जुळत नाही. एकेक घेतला तर पाऊल तोकडे पडते, एक सोडून घेतला तर लांब. त्यात हातात सायकल, आणि समोरून गाडी आली तर ती उचलून भरावाच्या उतारावर.

सायकलींची दुरुस्ती खाजगी शिपाई जॉन फिंडली यांच्याकडे होती. शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केलेला हा माणूस लष्करात नसता तर प्रयोग फसला असता, असे म्हणायला हरकत नाही. त्या माळावर निवडुंगाची एक बुटकी जात गवतात लपून पसरते. तिचे काटे टायरच्या आरपार जातात. पंक्चर काढायचे ते ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला पाणी नसताना.

पाण्याचीच गोष्ट आता सांगायला हवी, कारण या माळाने सर्वाधिक त्रास दिला तो पाण्याने. तिथे पाणी नसते असे नाही. ओहोळ असतात, डबकी असतात. पण पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त, त्यामुळे जमिनीतले क्षार वाहून जात नाहीत. पाणी आटते आणि क्षार काठावर पांढऱ्या पापुद्र्यासारखे उरतात. इंग्रजीत त्याला अल्कली म्हणतात. त्यांत सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट असतात, म्हणजे औषधाच्या दुकानात रेचक म्हणून मिळणारे क्षार. तहानेने व्याकूळ माणूस ते पाणी पितो, त्याचे पोट बिघडते, अंगातले होते ते पाणीही निघून जाते, तहान दुप्पट होते, आणि समोर पुन्हा तेच पाणी असते. उकळल्याने जंतू मरतात. क्षार तसेच राहतात, उलट थोडे घट्टच होतात. कॉफी करून चव झाकता येते, परिणाम झाकता येत नाही.

या पाण्याने तुकडीतले अनेक जण आजारी पडले. पुढे नेब्रास्कात खुद्द मॉसही पडले आणि काही दिवस सूत्रे डॉ. केनेडी यांच्याकडे गेली. आता कल्पना करावी : पोटात कळा, पाठीवर बंदूक, खाली सत्तावीस किलोची सायकल, दिवसाचे ठरलेले पन्नास मैल आणि पन्नास मैलांनंतरच मिळणारे जेवण. हे चालू राहते ते कशाच्या बळावर? सायकलच्या नक्कीच नाही. सैन्यात याला शिस्त म्हणतात. पण शिस्त हा शब्द वरून खाली पाहणाऱ्याचा आहे. रांगेत शेवटून दुसऱ्या माणसाला शेवटचा माणूस दिसेनासा होतो आणि तो थांबतो, तेव्हा घडते ते काही वेगळेच असते. सँडर्स यांचे काम तिथे होते.

या माळाबद्दल आणखी एक गोष्ट जाता जाता. सेजब्रशमध्ये लपायला जागा नसते. मैलभर अंतरावरून २३ सायकलींची रांग दिसणार. लिटल बिगहॉर्नपासून न्यूकॅसलपर्यंत त्यांना पाहणारे डोळे थोडेच होते. गुराखी, रेल्वेचे कामगार, क्रो कुटुंबे. यांतल्या कित्येकांनी सायकल पाहिली नसेल, कित्येकांनी बंदूकधारी कृष्णवर्णीय सैनिकांची एवढी मोठी तुकडीही पाहिली नसेल. पण या विस्तीर्ण प्रदेशात त्या सैनिकांना वेगळ्या डब्यात बसवणारे कुणी नव्हते, एवढे खरे. हवामान आणि माती सगळ्यांना एकाच हिशेबाने वागवत होती.

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांबद्दल थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण तिथे सायकल चालवण्याचा प्रश्नच आला नाही. सुमारे १७० मैलांचा तो पट्टा बहुतांशी रुळांवरून पायी काटावा लागला, ११० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ४३ सेल्सिअस) उन्हात. साडेचार दिवस. त्यानंतर पूर्व नेब्रास्काची शेते, झाडे, गोडे पाणी, आणि मिसूरीचे तुलनेने बरे रस्ते.

२४ जुलै १८९७ रोजी तुकडी सेंट लुइसला पोहोचली. शहरातल्या सायकलस्वारांच्या संघटनांनी सामोरे येऊन त्यांना फॉरेस्ट पार्कपर्यंत नेले. हजारो लोक पाहायला आले. बूस यांच्या बातम्या ठिकठिकाणच्या वृत्तपत्रांत छापून येत होत्या, त्यामुळे ही माणसे कोण हे शहराला आधीच ठाऊक होते.

मॉस यांनी लिहिलेला हिशेब नेटका आहे. ४१ दिवस, त्यांपैकी ३४ दिवस प्रत्यक्ष प्रवास. प्रवासाच्या दिवसाला सरासरी ५५.९ मैल, ताशी सरासरी ६.३ मैल. निष्कर्ष असा की सायकलची तुकडी घोडदळाच्या किंवा पायदळाच्या दुप्पट वेगाने आणि एकतृतीयांश खर्चात जाऊ शकते. त्यात टायर आहेत, रिम आहेत, सीट आहेत, शिध्याची पाकिटे आहेत. प्रश्नच सायकलबद्दल विचारलेला होता, तेव्हा उत्तरही सायकलबद्दल आले, यात मॉस यांना दोष देता येत नाही. तरीही तो हिशेब वाचताना एक गोष्ट खटकत राहते. ताशी ६.३ मैल हा आकडा सायकलचा नव्हता. सपाट रस्त्यावर ती सायकल त्याच्या दुप्पट वेगाने जात असे, आणि गम्बोमध्ये तिचा वेग शून्य होता. शून्य आणि बारा यांमधले ते सहा मैल माणसांनी उचलून, ढकलून, खरवडून मिळवलेले होते.

तिथून पुढे मिनियापोलिसपर्यंत सायकलने जाण्याची मॉस यांची विनंती नाकारली गेली. सायकली कंपनीला परत गेल्या. सैनिक रेल्वेने मिसूलाला परतले. ४१ दिवसांचा रस्ता खिडकीतून मागे पळताना त्यांनी पाहिला असेल. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच्या सफरीचा प्रस्तावही मंजूर झाला नाही, कारण तोवर स्पेनशी युद्ध दाराशी आले होते. १८९८ च्या एप्रिलमध्ये सर्वांत आधी हलवल्या गेलेल्या रेजिमेंटमध्ये पंचविसावी होती. १० एप्रिलला ईस्टरचा रविवार होता. मिसूलाच्या गावकऱ्यांनी प्रार्थना पुढे ढकलल्या आणि रस्त्यावर उभे राहून त्यांना निरोप दिला. जुलैमध्ये रेजिमेंट क्यूबात एल काने येथे लढली, नंतर फिलिपाइन्समध्ये. सायकल तुकडीचे नाव पुन्हा निघाले नाही. काही वर्षांत मोटार आली आणि प्रश्नच बदलला.

१९०६ च्या उन्हाळ्यात रेजिमेंटच्या तीन कंपन्या टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल येथे पाठवल्या गेल्या. गावाला कृष्णवर्णीय सैनिक नको होते. १३ ऑगस्टच्या रात्री गावात गोळीबार झाला. दारूच्या गुत्त्यातला एक कामगार मेला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. आरोप सैनिकांवर आला. त्या रात्री सैनिक बराकीत होते, असे त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच आरंभी सांगितले होते. पुरावा म्हणून रस्त्यात सापडलेली रिकामी काडतुसे पुढे करण्यात आली. सैनिकांना गुन्हेगारांची नावे सांगा म्हटले; त्यांनी आम्हांला ठाऊक नाही म्हणून सांगितले. या नकारालाच संगनमत ठरवून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नोव्हेंबरमध्ये १६७ जणांना लष्करातून काढून टाकले. खटला नाही, सुनावणी नाही. निवृत्तिवेतन नाही, आणि पुढे कुठल्याही सरकारी नोकरीचा हक्क नाही.

त्या १६७ जणांत सार्जंट मिंगो सँडर्स होते. पंचवीस वर्षांहून अधिक सेवा झालेली, निवृत्तिवेतन हाताशी आलेले. क्यूबात रूझवेल्ट यांच्या स्वयंसेवकांशी आपल्या माणसांनी शिधा वाटून घेतला होता, अशी आठवण ते सांगत. रांगेतल्या शेवटच्या माणसासाठी थांबणे ज्याने आयुष्यभर शिकवले, त्याच्याकडे कुणाचे तरी नाव पुढे करून सुटण्याची अपेक्षा केली गेली. त्यांनी शपथेवर पुन्हा तेच सांगितले : ठाऊक नाही.

ओहायोचे सिनेटर जोसेफ फोरेकर यांनी सैनिकांची बाजू लावून धरली. त्यांची राजकीय कारकीर्द त्यानंतर फार टिकली नाही. १९१० मध्ये एका लष्करी चौकशी मंडळाने १४ जणांना पुन्हा भरती होण्याची मुभा दिली. का चौदाच आणि का हेच, याची समाधानकारक कारणे दिली गेली नाहीत. त्या चौदांत सँडर्स नव्हते. मॉस मात्र लष्करात वर चढत गेले, अधिकाऱ्यांसाठी हस्तपुस्तिका लिहून नावारूपाला आले, आणि पहिल्या महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्याच एका रेजिमेंटचे, ३६७ व्या पायदळाचे, नेतृत्व त्यांच्याकडे आले.

१९७० मध्ये जॉन वीव्हर यांचे ब्राउन्सव्हिल प्रकरणावरचे पुस्तक आले आणि जुना कागद पुन्हा उघडला. काँग्रेसमध्ये ऑगस्टस हॉकिन्स यांनी पाठपुरावा केला. १९७२ मध्ये लष्कराने ती १६७ माणसे निर्दोष असल्याचे मान्य करून त्यांची बडतर्फी सन्मानपूर्वक निवृत्तीत बदलली. थकलेला पगार देण्याचे नाकारले. हयात असलेले डॉर्सी विलिस यांना पुढच्या वर्षी २५,००० डॉलर मिळाले. त्यांनी मधली जवळजवळ साठ वर्षे मिनियापोलिसमध्ये एका केशकर्तनालयात लोकांचे बूट पुसण्यात काढली होती. मिंगो सँडर्स १९२९ मध्येच वारले होते.